मुक्या मोतद्दाराची साक्ष : 'किंग ऑफ द विंड' या बालकादंबरीतील इतिहास आणि कल्पित

प्रस्तावना

ऐतिहासिक कादंबरी आणि इतिहास यांच्यातील नात्याची चर्चा मराठीत हरिभाऊ आपट्यांच्या काळापासून चालत आली आहे. कादंबरीकाराने इतिहासाशी किती इमान राखावे आणि कल्पिताला किती मोकळीक द्यावी, हा वाद अद्यापही मिटलेला नाही. मात्र ही सारी चर्चा प्रौढांसाठी लिहिलेल्या कादंबरीभोवती फिरते. मुलांसाठी लिहिलेली ऐतिहासिक कादंबरी इतिहासाच्या अंगाने तपासून पाहावी, असे आपल्याकडे फारसे कोणाला वाटत नाही. 'मुलांचे पुस्तक' म्हटले की अभ्यासकाने चष्मा काढून ठेवावा, असा जणू संकेतच आहे. वस्तुतः गरज उलट आहे. प्रौढ वाचक कादंबरी वाचून झाल्यावर इतिहासग्रंथ उघडू शकतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मात्र ती कादंबरी हाच त्या विषयावरचा पहिला आणि पुष्कळदा शेवटचा ग्रंथ ठरतो.

प्रस्तुत लेखात मार्गरेट हेन्री (१९०२–१९९७) या अमेरिकन लेखिकेच्या 'किंग ऑफ द विंड' या कादंबरीचा या दृष्टीने विचार केला आहे. १९४८ साली वेस्ली डेनिस यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला १९४९ चे न्यूबेरी पदक मिळाले. अठराव्या शतकातील एक घोडा आणि त्याची निगा राखणारा एक मुका मोरोक्कन मुलगा यांच्या मैत्रीची ही गोष्ट आहे. घोडा इतिहाससिद्ध आहे. मुलगा तसा नाही. या दोघांच्या कथेत दस्तऐवज कोठे बोलतात, कोठे गप्प बसतात आणि ते गप्प बसले त्या जागी नेमका कोणाचा आवाज भरला गेला, एवढाच येथे विचाराचा विषय आहे. पुस्तकाचे वाङ्मयीन मूल्यमापन हा या लेखाचा हेतू नाही, तरी लेखिकेच्या हातोटीविषयी मनात आदर बाळगूनच हे विवेचन केले आहे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे.

कादंबरीचे कथानक

कादंबरीचा आरंभ १९२० साली कॅनडात झालेल्या एका शर्यतीने होतो. 'मॅन ओ' वॉर' हा विख्यात अमेरिकन घोडा 'सर बार्टन' या घोड्याला सहज हरवतो आणि पुढे शर्यतीतून निवृत्त होतो. त्याला इंग्लंडमधील न्यूमार्केटला का धाडत नाही, असे लोक विचारतात, तेव्हा त्याचा मालक त्याच्या एका दूरच्या पूर्वजाची हकिगत मनात आणतो. तीच पुढील कथा होय.

मोरोक्कोचा सुलतान मुलाय इस्माईल याच्या तबेल्यात अग्बा नावाचा मुका मुलगा घोड्यांची सेवा करीत असतो. रमजानचे दिवस असतात. तबेल्यातील घोड्यांनाही सूर्यास्तापर्यंत दाणापाणी मिळत नाही. त्याच दिवसांत अग्बाच्या ताब्यातील घोडी विते आणि शिंगराला मागे ठेवून मरते. शिंगराच्या मागच्या टाचेवर पांढरा ठिपका असतो, ते वेगाचे चिन्ह. त्याच्या छातीवर मात्र गव्हाच्या ओंबीसारखा केसांचा आवर्त असतो, ते अनिष्टाचे चिन्ह. अग्बा त्या पोरक्या शिंगराला उंटिणीचे दूध आणि मध यांवर वाढवितो आणि त्याचे नाव 'शाम', म्हणजे सूर्य, असे ठेवतो. (मराठी वाचकाच्या कानाला हे नाव 'श्याम' असे ऐकू येईल आणि अर्थ अगदीच पालटेल, पण त्यास इलाज नाही.) पुढे सुलतान फ्रान्सचा बालराजा पंधरावा लुई यास सहा घोडे नजराणा म्हणून पाठवितो. प्रत्येक घोड्याबरोबर एक मुलगा जातो. घोडा मरेपर्यंत त्याने घोड्याजवळ राहावयाचे आणि मगच स्वदेशी परतावयाचे, अशी सुलतानाची आज्ञा असते.

जहाजावर चाऱ्याचे पैसे खाल्ले जातात आणि घोडे व्हर्सायला पोहोचतात ते हाडांचे सापळे होऊन. शाम राजाच्या मुदपाकखान्याच्या गाडीला जुंपला जातो, तेथून पॅरिसमधील एका क्रूर गाडीवानाकडे जातो. एक सहृदय क्वेकर गृहस्थ त्याला विकत घेऊन लंडनला नेतो. तेथून घोडा एका खाणावळवाल्याकडे आणि अग्बा न्यूगेटच्या तुरुंगात, अशी ताटातूट होते. शेवटी अर्ल ऑफ गोडॉल्फिन या उमरावाच्या गॉग मॅगॉग टेकड्यांवरील तबेल्यात दोघांनाही आसरा मिळतो. तेथे रॉक्साना ही घोडी हॉबगॉब्लिन या मानाच्या घोड्यासाठी आणलेली असते. अग्बा शामला मोकळा सोडतो. शाम हॉबगॉब्लिनला झुंजीत हरवतो आणि त्याबद्दल दोघांची दलदलीच्या प्रदेशात हकालपट्टी होते. रॉक्सानाला झालेले शिंगरू वाऱ्यासारखे धावू लागल्यावरच अर्लला आपली चूक उमगते.

या साऱ्या प्रवासात अग्बा हा सर्वार्थाने परका आहे. देश परका, भाषा परकी, धर्म परका, आणि त्यात वाचा नाही. घोडाही तसाच परका. दोघांच्या या समान परकेपणातूनच मैत्री फुलते आणि बालवाचकाच्या मनाची पकड घेते.

दस्तऐवजांतील घोडा

आता कागदपत्रांकडे वळू. 'गोडॉल्फिन अरेबियन' या नावाने ओळखला जाणारा घोडा १७२४ च्या सुमारास जन्मला. तो इंग्लंडला आला १७२९-३० च्या सुमारास. १७५३ च्या नाताळाच्या दिवशी तो केंब्रिजजवळील वाँडलबरी येथे मरण पावला आणि तेथील तबेल्याच्या कमानीखाली त्याला पुरण्यात आले. ते थडगे आजही दाखविले जाते. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन आयात घोड्यांपासून आजच्या थरोब्रेड जातीच्या सर्व नरवंशांचा उगम मानला जातो. गोडॉल्फिनचा नरवंश त्याचा पुत्र केड आणि नातू मॅचेम (जन्म १७४८) यांच्याद्वारे टिकला. 'मॅन ओ' वॉर' हा याच शाखेतला. तेव्हा कादंबरीची चौकट इतिहासाला धरून आहे, यात शंका नाही. आजच्या थरोब्रेड घोड्यांपैकी सुमारे ९५ टक्के घोड्यांचा पितृवंश डार्ली अरेबियनकडे जातो, असे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या आनुवंशिकीच्या अभ्यासांतून दिसून आले. गोडॉल्फिनची नरशाखा त्यामानाने क्षीण आहे. तथापि माद्यांच्या द्वारे त्याचे रक्त जवळजवळ सर्वत्र पसरले आहे.

परंतु चौकटीच्या आत गेले की चित्र बदलते. घोड्याची परंपरागत हकिगत मोरोक्कोपासून नव्हे, तर येमेनपासून सुरू होते. तेथून सिरियामार्गे तो ट्युनिसच्या बेच्या तबेल्यात गेला आणि बेने तो फ्रान्सच्या राजाला नजर केला, असे सांगितले जाते. मुलाय इस्माईल १७२७ मध्येच वारला होता. घोडा अरबी होता, तुर्की होता की उत्तर आफ्रिकेतील बार्ब जातीचा होता, यावरही एकमत नाही. जुन्या लेखनात त्याला 'गोडॉल्फिन बार्ब' असेही म्हटले आहे. पॅरिसच्या रस्त्यावर पाणक्याच्या गाडीला जुंपलेला घोडा पारख्याच्या नजरेस पडला, ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आढळते. तिच्यात तथ्य किती हे सांगणे कठीण आहे, पण पारख्याची गोष्ट म्हणून ती कोणालाही आवडावी अशीच आहे.

घोडा फ्रान्समधून इंग्लंडला आणणारा एडवर्ड कोक हा क्वेकर व्यापारी नव्हता. डर्बीशरमधील लाँगफर्ड हॉलचा तो जमीनदार होता. १७३३ मध्ये तो तरुणपणीच वारला. त्याच्या मृत्युपत्रान्वये घोड्या अर्ल ऑफ गोडॉल्फिनकडे गेल्या, तर नर घोडे रॉजर विल्यम्स याच्याकडे. हा विल्यम्स लंडनमधील सेंट जेम्स कॉफीगृहाचा चालक. त्याच्याकडून अर्लने घोडा घेतला. कादंबरीतील तुसडा खाणावळवाला तो हाच. नाव तेच ठेवून व्यवसाय आणि स्वभाव बदलले आहेत. वस्तुतः कॉफीगृहाच्या चालकाकडे इतक्या मोलाचे घोडे मृत्युपत्राने जातात, ही बाब त्या काळच्या लंडनमधील अश्वव्यापाराविषयी आणि कॉफीगृहांच्या सामाजिक स्थानाविषयी बरेच काही सांगते. तिकडे लेखिकेचे लक्ष गेले नाही, ही मोठी संधी हुकली असे वाटते.

सर्वांत महत्त्वाची अडचण रॉक्सानाच्या प्रसंगाची. कादंबरीचा कळस तोच आहे. आख्यायिकेप्रमाणे हा लहानखुरा घोडा केवळ घोडी माजावर आली की नाही हे पाहण्यापुरता ठेवलेला होता. रॉक्सानाने हॉबगॉब्लिनला झिडकारले आणि मग या घोड्याला संधी मिळाली. रॉक्साना, हॉबगॉब्लिन ही नावे कल्पित नव्हेत, हे घोडे खरोखर होते. परंतु तारखा पाहाव्यात. रॉक्सानाचे पहिले शिंगरू लॅथ हे १७३२ सालचे. घोडीचा गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असतो. म्हणजे संयोग १७३१ च्या आसपासचा. त्या वेळी कोक हयात होता आणि त्याचा वारसा अर्लकडे जाण्यास अजून दोन वर्षे होती. तेव्हा गॉग मॅगॉगच्या टेकडीवरची ती झुंज, अर्लचा संताप आणि त्यानंतरची हकालपट्टी, यांपैकी काहीही सांगितल्या जाते त्या रीतीने घडलेले असणे शक्य नाही. मालकाच्या हयातीत, त्याच्याच घोडीशी, त्याच्याच घोड्याचा संयोग झाला. त्यात बहुधा कोणाचाच गुन्हा नव्हता.

पुत्रांच्या बाबतीतही असेच झाले आहे. लॅथचा जन्म १७३२ चा, केडचा १७३४ चा आणि रेग्युलसचा १७३९ चा. पहिले दोघे रॉक्सानाचे, तिसरा ग्रे रॉबिन्सन या दुसऱ्या घोडीचा. कादंबरीत न्यूमार्केटच्या मैदानावर हे तिघे जणू एका पंक्तीला बसतात. वयातील सात वर्षांचे अंतर बालवाचकाला जाणवू नये अशीच ती योजना आहे.

येथे एक बाब मुद्दाम नोंदवावीशी वाटते. केडच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत रॉक्साना मेली आणि केडला गाईच्या दुधावर वाढवावे लागले, अशी नोंद इंग्लंडच्या अश्ववंशावळीत आहे. आई मेलेले शिंगरू परक्या जनावराच्या दुधावर वाढते, हा कादंबरीतील शामच्या बालपणाचा प्रसंग त्याच्या पुत्राच्या खऱ्या चरित्रात आहे. गाईच्या जागी उंटीण आणि वाँडलबरीच्या जागी मोरोक्को आले आहे. मुलाचा इतिहास बापाला देऊन टाकण्याची ही क्रिया जाणूनबुजून झाली की नकळत, हा प्रश्न गौण आहे. कल्पितही बहुधा दस्तऐवजाच्या उष्ट्यावरच पोसले जाते, एवढे तीवरून दिसते.

आणि केडला ते दूध कोणी पाजले? वंशावळीत त्याचे नाव नाही.

अग्बा कोठून आला?

इंग्लिश अश्ववंशावळीचा प्रास्ताविक खंड १७९१ मध्ये आणि पहिला खंड १७९३ मध्ये निघाला. त्यात घोड्याचे नाव, बाप, आई, आजा, जन्मवर्ष, मालक, पैदास करणारा, असा सारा तपशील मिळतो. घोड्याला खरारा करणारा, रात्री त्याच्या पायाशी निजणारा, आजारपणात तोबरा धरणारा मोतद्दार मात्र त्या पानांवर कोठेही नाही. पूर्वेकडून आलेल्या घोड्यांबरोबर त्यांची निगा राखणारी माणसे आली असावीत, हे तर्काने पटते. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रज चित्रकारांनी काढलेल्या अरबी घोड्यांच्या चित्रांत, उदाहरणार्थ जॉन वुटनच्या काही चित्रांत, लगाम धरून उभा असलेला फेटेवाला सेवक दिसतोही. चित्राच्या नावात घोडा असतो, मालक असतो. लगाम धरणारा निनावीच राहतो. कित्येकदा तो खरा माणूस होता की चित्रकाराने शोभेसाठी घातलेला पोशाख होता, हेही ठरविता येत नाही.

अग्बा या रिकाम्या जागेत उभा आहे. पण त्याला तेथे प्रथम उभे केले ते मार्गरेट हेन्री यांनी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात फ्रेंच कादंबरीकार यूजीन सू यांनी याच घोड्यावर एक कथा लिहिली. पॅरिसमधील गाडीवान, घोड्याला सोबत करणारे ग्रिमॅल्किन नावाचे मांजर आणि मुका मूर सेवक अग्बा ही सारी मंडळी सू यांच्या कथेत आहेत. सू हे पुढे 'पॅरिसची रहस्ये' या वृत्तपत्रीय कादंबरीने गाजलेले लेखक. दैन्य, छळ, निष्ठा आणि अनपेक्षित सुटका ही त्यांच्या लेखनाची ठरलेली सामग्री. तीच त्यांनी घोड्याच्या चरित्राला पुरविली. पुढे शंभर वर्षांत ही कथा अश्वप्रेमींच्या पुस्तकांतून फिरत फिरत आख्यायिका झाली आणि आख्यायिकेची १९४८ मध्ये बालकांसाठी ऐतिहासिक कादंबरी झाली.

हा प्रवास ध्यानात घेतला म्हणजे एक भ्रम दूर होतो. अमेरिकन मुलाला, आणि इंग्रजी माध्यमातून हे पुस्तक वाचणाऱ्या आपल्या मुलालाही, अग्बा म्हणजे अरब स्मृतीचा अवशेष वाटतो. जणू मोरोक्कोच्या एखाद्या तबेल्यातून ही हकिगत कोणी जपून आणली आहे. प्रत्यक्षात अग्बा हा पॅरिसच्या छापखान्यातून आला आहे. त्याचे मोरोक्को हे एका फ्रेंच कादंबरीकाराने कल्पिलेले, आणि सू यांनी लिहिले तो काळ फ्रान्सने १८३० मध्ये अल्जिअर्स जिंकल्यानंतरचा आहे, हे विसरून चालणार नाही. उत्तर आफ्रिकेतील माणसाविषयीचे फ्रेंच कुतूहल त्या वेळी तेवढे निरागस राहिले नव्हते.

मैत्री आणि चाकरी

कादंबरीत अग्बा हा सुलतानाचा दास आहे, ही गोष्ट लपविलेली नाही. परंतु तिच्यावर वाचकाची नजर खिळत नाही. मुलाय इस्माईलच्या राजवटीत सहाराच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय दासांची प्रचंड फौज उभारण्यात आली होती. मेक्नेस येथील त्याच्या राजधानीच्या बांधकामावर दास आणि कैदी राबत. घोडा मरेपर्यंत घोड्याजवळ राहा, ही आज्ञा अशा राजवटीतील आहे. घोड्याच्या आयुष्याला मुलाचे आयुष्य बांधून टाकणारी ही आज्ञा कादंबरीत हळूहळू व्रताचे रूप घेते. अग्बा ती स्वतःची मानतो, आनंदाने पाळतो. दास्याचे असे मैत्रीत रूपांतर करणे ही लेखिकेची मोठी सिद्धी आहे आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, तीच तिची मोठी उणीवही आहे.

इंग्लंडमध्ये पाऊल ठेवल्यावर अग्बा स्वतंत्र झाला का? कादंबरीतील कोणतेही पात्र हा प्रश्न विचारीत नाही. इतिहासात मात्र तो नेमका त्याच वर्षांत विचारला जात होता. १७२९ मध्ये यॉर्क आणि टॅल्बट या इंग्लंडच्या दोन सर्वोच्च सरकारी विधिज्ञांनी, दास इंग्लंडला आणल्याने अथवा बाप्तिस्मा घेतल्याने मुक्त होत नाही, असे मत दिले. दासाला सक्तीने देशाबाहेर नेता येणार नाही असा निर्णय सॉमरसेट खटल्यात झाला तो १७७२ साली, म्हणजे घोडा मेल्यानंतर एकोणीस वर्षांनी. मुक्या अग्बाला न्यूगेटमध्ये टाकणारे इंग्लंड ते हेच. कादंबरीत तो तेथे जातो तो घोडा चोरू पाहिल्याच्या संशयाने. त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. गळ्यातील पिशवीत जपलेली घोड्याची वंशावळ याच प्रकरणात कायमची नष्ट होते. कागद गेल्यावर घोड्याचे कुळ सिद्ध करणारा एकमेव साक्षीदार उरतो आणि त्याला बोलता येत नाही. या एका प्रसंगात मात्र लेखिकेने इतिहासलेखनाच्या वर्मावरच बोट ठेवले आहे. एरवी जेथे जेथे तिने तारखा बदलल्या तेथे ती इतिहासापासून दूर गेली. येथे सर्व काही कल्पून ती त्याच्या जवळ आली.

अग्बाच्या मुकेपणाकडे दोन प्रकारे पाहता येते. पहिला प्रकार असा : पूर्वेने घोडा दिला, घोडा सांभाळणारे हात दिले आणि बोलण्याचे काम पश्चिमेकडे सोपविले. मुका अग्बा हे या व्यवस्थेचे सोयीस्कर चित्र आहे. त्याला भाषा दिली असती तर त्याने अरबीतून काही म्हटले असते आणि लेखिकेला त्याचे उत्तर शोधावे लागले असते. दुसरा प्रकार असा : दस्तऐवजांनी ज्याला वाचा दिली नाही, त्याच्या तोंडी आधुनिक लेखकाने शब्द घालणे हीदेखील एक प्रकारची लबाडीच आहे. त्यापेक्षा तो मुका आहे असे सांगणे अधिक प्रामाणिक. हेन्री यांनी हा विचार केला असेल असे म्हणण्यास आधार नाही, कारण मुकेपण त्यांना सू यांच्याकडून आयते मिळाले होते. तरीही वाचताना दुसरा अर्थ जाणवतो. अग्बा हातांनी बोलतो. घोड्याच्या अंगावरून फिरणारी बोटे, त्याच्या नाकपुड्यांशी नेलेला तळवा, एवढीच त्याची भाषा. आणि मोतद्दाराच्या कामाविषयी जे थोडेफार खात्रीने सांगता येते, ते एवढेच आहे.

आपल्याकडील पागा

येथवरचे विवेचन परदेशी घोड्याविषयी झाले. परंतु अरबी घोडा आणि त्याचे निनावी सेवक हा विषय महाराष्ट्राला परका नाही. ज्या अरबस्तान-इराणच्या किनाऱ्यावरून घोडे पुढे पश्चिमेकडे गेले, तेथूनच ते शतकानुशतके चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरत होते. दक्षिण भारतात दरवर्षी हजारो घोडे आयात होतात आणि निगा न राखता आल्याने मरतात, असे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी गोव्याच्या घोडेव्यापारावर ताबा मिळविला आणि विजयनगर व विजापूर यांच्या राजकारणात त्याचा हत्यारासारखा वापर केला.

सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा यांची गणती लष्करी व्यवस्थेत केली आहे, ही त्या व्यवस्थेची दूरदृष्टी. तथापि गणती पदांची आहे, माणसांची नाही. मराठीने मोतद्दार, चाबूकस्वार, सलोतरी, नालबंद असे किती नेमके शब्द जपले, आणि त्या शब्दांमागची किती थोडी नावे आपल्या हाती आली, हा विरोध गॉग मॅगॉगच्या तबेल्यातील विरोधाहून वेगळा नाही.

गव्हाच्या ओंबीच्या आवर्ताचा प्रसंग वाचताना तर मराठी वाचकाला घरचीच भाषा ऐकल्यासारखे वाटते. आपल्याकडेही शालिहोत्राच्या परंपरेत घोड्याच्या अंगावरील भोवऱ्यांचे शुभाशुभ बारकाईने सांगितले आहे. गळ्यावरचा 'देवमण' भोवरा शुभ. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला 'पंचकल्याणी' घोडा भाग्याचा. अशुभ भोवऱ्याच्या घोड्याला किंमत येत नसे. तेव्हा कादंबरीतील हा तपशील केवळ अद्भुततेसाठी घातलेला नाही. पश्चिम आशियापासून दख्खनपर्यंत पसरलेल्या अश्वपरीक्षेच्या एका व्यापक ज्ञानव्यवहाराशी तो जुळतो. ज्या तबेलेदाराला कादंबरी अंधश्रद्ध ठरविते, तो आपल्या काळाच्या शास्त्राप्रमाणे वागत होता, असे मुलांना शिकविताना सांगावयास हवे.

अध्यापनाच्या अनुषंगाने

हे पुस्तक मुलांच्या हाती द्यावे की नाही, असा प्रश्न एका चर्चेत प्रस्तुत लेखकास विचारण्यात आला होता. उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. मात्र देताना त्याबरोबर दोन कागद द्यावेत. एकावर तारखा असाव्यात : १७२७ मुलाय इस्माईलचा मृत्यू, १७३२ लॅथचा जन्म, १७३३ कोकचा मृत्यू, १७५३ घोड्याचा मृत्यू. एवढ्या चार तारखांवरून आठवीतील विद्यार्थी स्वतःच सांगू शकेल की कादंबरीतील कोणता प्रसंग घडणे शक्य नव्हते. मुलांना यात जो आनंद होतो तो गुप्तहेरकथा वाचण्याच्या आनंदाहून कमी नसतो. दुसरा कागद कोरा असावा आणि त्यावर शीर्षक असावे 'अग्बा'. त्याच्याविषयी निश्चित म्हणून जे सांगता येईल तेवढेच विद्यार्थ्याने त्यावर लिहावयाचे. पहिला कागद भरण्यास जितका वेळ लागतो त्याहून अधिक वेळ या दुसऱ्या कागदापुढे बसण्यात जावा, अशी अपेक्षा आहे.

१९९० मध्ये या कादंबरीवर चित्रपट निघाला, त्यात अग्बाची भूमिका नवीन चौधरी या भारतीय वंशाच्या ब्रिटिश नटाने केली. मोरोक्कन मुलाची निवड करताना निर्मात्यांना मोरोक्कोपर्यंत जावेसे वाटले नाही, यावरून अग्बाचा 'पूर्व' किती सैल आहे, याची कल्पना येते.

कादंबरीच्या अखेरीस घोडा मरतो आणि अग्बा स्वदेशी निघून जातो. सुलतानाची आज्ञा शब्दशः पाळली गेली, एवढे वाचकाला कळते. तो कोणत्या जहाजाने गेला, भाडे कोणी दिले, त्याचे वय तेव्हा काय होते, याविषयी कादंबरी काही सांगत नाही. हिशोब केला तर तो आता चाळिशीच्या घरातला माणूस असला पाहिजे. ज्या मुलाय इस्माईलने आज्ञा दिली त्याला वारून सव्वीस वर्षे झाली होती. त्याच्या मुलांमध्ये गादीसाठी झालेल्या दीर्घ लढायांत मोरोक्को पुरता विस्कटला होता. तबेल्यात परतून 'घोडा मेला, मी आलो' असे हातवाऱ्यांनी तो ज्याला सांगणार होता, असा कोणीही तेथे उरलेला नव्हता.